मधला आकडा

“बरणीतले वाटाणे कोणीतरी काढलेले दिसतात,” अण्णा म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

सरोजिनीला हसू आलं नाही. पदर सावरायला वर गेलेला तिचा हात खांद्यावरच राहिला. गिरगावातल्या त्यांच्या चाळीत त्या रविवारी आनंदमेळा होता. चौकात पताका, एका कोपऱ्यात भेळ, दुसऱ्या कोपऱ्यात रिंगा टाकून साबणाची वडी जिंकायचा खेळ, आणि जिन्याखाली हरिभाऊ मास्तरांचं टेबल. टेबलावर लोणच्याची मोठी काचेची बरणी, गळ्यापर्यंत वाटाण्यांनी भरलेली. आत वाटाणे किती, तेवढं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. सकाळपासून एकशे एकसष्ट चिठ्ठ्या पडल्या होत्या. अण्णा म्हणजे तिचे वडील, महादेवराव. रेवदंड्याकडचे बागाईतदार, नवी कवळी बसवून घ्यायला लेकीकडे आलेले. त्यांनी बरणीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान तिरकी करून बुडाकडे पाहिलं आणि चार हजार लिहिले. लिहिल्यावर चिठ्ठीची घडी न घालता ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. वाटाणे निघाले दोन हजार तीनशे सोळा. मास्तरांनी दोन मुलींकडून ते दोनदा मोजून घेतले होते. त्यावर अण्णा ते वाक्य बोलले. थट्टेतच बोलले. त्यांचं बोलणं गमतीचं असतं हे आठ दिवसांत चाळीला ठाऊक झालं होतं. पण हे वाक्य सरोजिनीनं पूर्वी ऐकलं होतं. तेव्हा त्यात वाटाणे नव्हते, आणि तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

“आता आणखी एक गंमत,” हरिभाऊ मास्तर म्हणाले. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावल्या होत्या. “या भांडीवाल्या मावशी, यांनी सातशे सांगितले. हे आपले वकीलसाहेब, नऊ हजार. दोघंही साफ चुकले. पण ही बघा एक्याऐंशीवी चिठ्ठी. हिच्या अलीकडे ऐंशी, पलीकडे ऐंशी. बरोबर मधली. काय लिहिलंय? दोन हजार दोनशे नव्वद. फक्त सव्वीस वाटाण्यांचा फरक. कुठल्याशा विलायती मासिकात मी हे वाचलं होतं, तेव्हा खरं वाटलं नव्हतं. एकेकटा माणूस चुकतो, पण सगळे मिळून चुकत नाहीत.”

“म्हणजे शंभर मूर्ख मिळून एक शहाणा होतो, असं म्हणा की मास्तर,” वकील म्हणाले.

“छे हो, योगायोग,” अण्णा म्हणाले. “जाणत्याची नजर ती जाणत्याची. त्याला गर्दी काय करणार?”

विलायती मासिकात. जिना चढताना हे दोन शब्द सरोजिनीच्या मनातून जाईनात. मास्तरांवर तिचा राग नव्हता. त्यांनी आपली गंमत म्हणून दाखवलं. पण तिच्या डोळ्यांसमोर एक अंगण उभं राहिलं होतं. शेणानं सारवलेलं, ऊन पोफळींच्या शेंड्यांवरून खाली उतरत आलेलं, आणि त्या अंगणात गोल करून बसलेल्या एकोणीस बायका. त्यांतल्या एकीलाही सही करता येत नव्हती. मास्तरांनी मासिकात वाचलं ते त्या बायका दर वर्षी करत होत्या, आणि कोणत्याही मासिकातून कोणी त्यांना विचारायला आलं नव्हतं.

तेव्हा ती सरोजिनी नव्हती. हे नाव सासरचं, तांदळात अंगठीनं लिहिलेलं. माहेरी ती रंगू होती, बारा वर्षांची, परकर-पोलक्यातली. साल एकोणीसशे सव्वीस. गावच्या देवीची पोफळींची मोठी वाडी होती, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वर्षीचं उभं पीक बोलीनं द्यायची तिथली रीत होती. बोली पैशांची नसे. वाळलेली, सोललेली सुपारी किती मण देवीच्या कोठीत घालीन, ते बोलायचं. जो सगळ्यांत जास्त बोलेल त्याला वाडी. बोललेले मण देवीचे, वर निघेल ते त्याचं. म्हणून आधी सगळी अक्कल झाडांवर किती सुपारी आहे हे ओळखण्यात. बोलणारे चार-पाच जण आरतीनंतर वाडीत एक फेरी मारत. झाडाला हात लावायचा नाही, घोस मोजायचे नाहीत, नुसतं वर बघत चालायचं आणि आकडा मनात ठेवायचा. अण्णांना या फेरीचा फार अभिमान. घरून निघताना उपरणं झटकून खांद्यावर टाकत आणि आईला म्हणत, “मी वर पाहिलं की पोफळी आपणहून आकडा सांगतात.” ती त्यांची हौस होती, प्रतिष्ठा होती, आणि आता सरोजिनीला वाटलं, तो त्यांचा देव होता.

बायकांचा खेळ आदल्या दिवशी दुपारी व्हायचा. वाडीत शिंपणं करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, हंगामात सुपारी सोलणाऱ्या सगळ्या अण्णांच्या अंगणात जमत. प्रत्येकीनं आपल्या मनातल्या मणांइतके खडे पदराखाली घ्यायचे. पदराखालीच, शेजारणीचे बघायचे नाहीत, बघितले तर त्यांच्यातली म्होरकी जनी हातावर चापट मारी. “तिचा डोला कशाला उसना घेतेस,” ती म्हणे. मग सगळ्यांनी एकदम पदर काढायचा, खडे मोजायचे, आणि कमी खडेवालीपासून जास्त खडेवालीपर्यंत ओळीनं बसायचं. ओळीत बरोबर मधे येईल ती त्या दिवसाची देवीची सून. तिला नारळ, तिच्या डोक्यात अबोलीचा वळेसर, आणि संध्याकाळपर्यंत तिची थट्टा. फाल्गुनात सुपारी मापली की आकडा त्या मधलीच्या आसपास येई. दर वर्षी तीच बाई नव्हे. म्हातारी मनुबाई तर दर वर्षी पन्नास खडे घेई, कारण देवीच्या कानावर कमी जाऊ नये. नवी लग्न होऊन आलेली एखादी घाबरून वीस-बावीस घेई. दोघीही चुकत आणि दोघींनाही ठाऊक असे की आपण चुकतो. त्यात कुणाला लाज वाटत नसे. आपलं चुकणं दुसरीच्या चुकण्यासमोर नेऊन बसवायचं, म्हणजे मधे खरं उरतं, असं काहीतरी त्यांना बिनबोलता कळलं होतं.

आणि का कळू नये. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून सरोजिनी गॅलरीकडे पाठ करून उभी राहिली. का कळू नये, ती मनाशी पुन्हा म्हणाली. पाट काढणाऱ्या बाईला माहीत, पाणी कुठल्या ओळीपर्यंत पोचलं नाही. फुलं वेचणारीला माहीत, विहिरीकडच्या झाडांना यंदा बहर कसा होता. जनीचा नवरा येसाजी पाडेली. झाडावर चढून एका शेंड्यावरून झोका घेत दुसऱ्या शेंड्यावर जाणारा. तो वरून काय पाहतो ते जनीला घरी जेवताना कळे. आणि झाडणारीला माहीत, खाली किती गळलं. एकोणीस बायकांच्या एकोणीस वाटा होत्या त्या वाडीत. अण्णांची आणि बाकीच्या बोली बोलणाऱ्यांची वाट एकच, देवळापासून विहिरीपर्यंतची, दोन्ही बाजूंना चांगली झाडं असलेली.

त्या वर्षी श्रावणात पाऊस उघडलाच नव्हता, आणि वाडीच्या आतल्या भागात कोवळी सुपारी काळी पडून गळत होती. बोलीच्या आठ दिवस आधी अण्णा म्हणाले होते, “जने, वाडी लख्ख करून घे. माणसं फिरणार आहेत, पायात घाण नको.” जनीनं दहा बायका लावून वाडी झाडून घेतली. गळलेल्या सुपारीच्या पाट्याच्या पाट्या समुद्राकडच्या खड्ड्यात गेल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चार जाणती माणसं त्या लख्ख वाडीतून वर बघत हिंडली. खाली बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. आणि खाली जे होतं ते कुणाच्या सांगण्यावरून उचललं, हे अण्णांना त्या दिवशी आठवलं नाही, पुढं कधी आठवलं नाही.

रंगूनं आदल्या दुपारचे एकोणीस आकडे पाटीवर लिहून घेतले होते. नवीन शिकलेले मोठे आकडे लिहायची हौस, एवढंच. बावीस, चोवीस, पंचवीस, असं करत मनुबाईच्या पन्नासपर्यंत. मधला, दहावा, एकतीस. ती पाट काढणारी अंबाजीची सून होती; तिनं नारळ मांडीवर घेऊन दिवसभर मान वर केली नाही. जनीचे चौतीस होते. दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात बोली चढली, ती रंगूनं दीपमाळेच्या आडून ऐकली. धर्माजी, पलीकडच्या आळीतला बागाईतदार, सव्वीसवर थांबणार होता; त्याच्या तोंडावर तसं दिसत होतं. अण्णा अठ्ठावीस म्हणाले. धर्माजीनं अण्णांकडं पाहिलं. महादेवरावांसारखा नजरेचा माणूस अठ्ठावीस म्हणतो, त्या अर्थी आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतंय, असं त्याच्या मनात आलं असणार. तो तीस म्हणाला. मग अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. धर्माजीसारखा आखडत्या हाताचा माणूस तीस म्हणतो, त्या अर्थी. एकतीस, बत्तीस. अण्णा म्हणाले, “तेहतीस. झाडांवर चाळीस आहेत, माझी नजर सांगते.” मंडपात वाहवा झाली. तेव्हा रंगूचीही छाती भरून आली होती. आज अकरा वर्षांनी चाळीतल्या स्वयंपाकघरात सरोजिनीला ती बोली पुन्हा ऐकू आली आणि त्यातली भानगड स्वच्छ दिसली. चार जाणते नव्हतेच ते. एकमेकांच्या डोळ्यांत बघणारी दोन माणसं होती, आणि सगळ्यांत जास्त चुकला त्याच्या गळ्यात हार पडला होता. जनीनं दोघांच्या हातांवर चापटी मारायला हव्या होत्या.

फाल्गुनात सुपारी मापली. एकतीस मण आणि वर काही शेर.

अण्णा काट्यापाशी उभे होते. त्यांनी पुन्हा मापायला लावली. मग त्यांनी उपरण्यानं मान पुसली आणि हळूच, अगदी थट्टेत म्हणावं तसं म्हणाले, “सुपारी कोणीतरी काढलेली दिसते.” पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. माल कमी भरला यावर कोणी बोलेना. नऊ मण गेले कुठं, एवढंच बोलणं सुरू झालं. चाळीस होते हे ठरलेलंच होतं. अण्णांनी पाहिले होते, धर्माजीनंही बत्तीस बोलून त्याला साक्ष दिली होती. सुपारी वाळवायच्या खळ्याची चावी जनीच्या कमरेला असायची. तेवढं पुरलं. कुणी तिच्या घरात शोधायला गेलं नाही, कारण शोधून काही सापडलं नसतं तर पंचाईत झाली असती. नऊ मण सुपारी म्हणजे काय पदराच्या गाठीत मावते? बैलगाडी लागते. गावात बैलगाड्या किती, त्यातली कुठली कधी वाजली, कोणी विचारलं नाही. देवस्थानच्या वहीत लिहिलं गेलं की जनी आणि तिचं घर, देवीच्या आणि गावच्या कुठल्याही वाडीत कामाला घेऊ नये. येसाजीला पाडेलीचं काम सोडावं लागलं. अण्णांनी तुटीचे दोन मण आपल्या घरच्या सुपारीतून कोठीत घातले, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं.

त्याच दुपारी रंगू पाटी घेऊन ओटीवर गेली होती. पाच महिने तिनं ती पाटी पुसली नव्हती, माळ्यावर ठेवली होती. “अण्णा, बायकांचा मधला आकडा एकतीसच होता. हे बघा.” अण्णांनी पाटी हातात घेतली. वाचली, वरून खालपर्यंत सगळी वाचली, हे तिला पक्कं आठवत होतं, त्यांचे ओठ हलत होते. मग तांब्यातलं पाणी हातावर घेऊन त्यांनी पाटी पुसली. कडेला अर्धा राहिलेला एक आकडा बोटानं पुसला. “मुलींनी गड्याबायकांच्या गप्पा लिहू नयेत,” ते म्हणाले, आणि ओली पाटी तिच्या हातात दिली. पाटीवरून पाणी तिच्या परकरावर ओघळलं. ती थंड ओल गुडघ्याला लागलेली सरोजिनीला आत्ता, या क्षणी, लागली. तिनं खाली पाहिलं. चहाचं आधण उतू जाऊन ओट्यावरून तिच्या पायाशी गळत होतं, आणि ते गरम होतं.

ती चहा घेऊन बाहेर आली. अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, नवी कवळी जिभेनं चाचपत.

“अण्णा, जनी आठवते का तुम्हाला?”

“कोण जनी?”

“येसाजी पाडेल्याची.”

“हां हां. ती सुपारी चोरणारी,” अण्णा म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

किती सहज. ती लंगडी, ती उंच, ती पलीकडच्या आळीतली, तसं ती सुपारी चोरणारी. अकरा वर्षांत आळ वाळून गुळगुळीत झाला होता आणि आता तो नुसती ओळख सांगायला वापरात होता. “तिनं चोरली नव्हती,” सरोजिनी म्हणाली.

“रंगू, जुनं झालं ते.”

“तिचं नाव अजून वहीत आहे?”

“असेल. खोडायला कोण बसलंय.”

“तुम्ही आता पंच आहात. तुम्ही खोडा.”

“मी खोडलं तर लोक विचारतील, का खोडलं,” अण्णा म्हणाले. बोलले आणि थांबले. बशी ओठांपाशी तशीच राहिली. खाली चौकात कुणीतरी साबणाची वडी जिंकली होती, त्याचा गलका वर आला.

त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं सरोजिनीनं स्वतःची अशी समजूत घातली होती की अण्णा फसले, त्यांना खरंच वाटलं की चोरी झाली. नजरेच्या माणसाला स्वतःची नजर चुकलेली दिसत नाही, त्याला काय करणार. पण पाटी वाचताना हललेले ते ओठ. त्यांनी मधला शोधला होता, मोजून शोधला होता, आणि मग पुसलं होतं. एका बाईचं घर एका बाजूला आणि ‘महादेवरावांची नजर’ हे दोन शब्दांचं खेळणं एका बाजूला. आणि त्यांनी खेळणं उचललं. तिला संताप आला, त्या संतापाला जायला जागा नव्हती. वडिलांवर ओरडायचं हे तिच्या हाडांत नव्हतं. त्यातून दुसराच एक संताप वर आला, स्वतःवरचा. बारा वर्षांची होते हे खरं. पण तेराची झाले, चौदाची झाले, लग्न होऊन तेवीसची झाले, आणि एका बरणीनं डिवचेपर्यंत गप्प राहिले.

“यंदाच्या बोलीला मी येते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली. “देवीची ओटी भरायची राहिली आहे.”

नवऱ्याला, सदाशिवरावांना, तिनं तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, “चार दिवसांत परत ये, आपली मुलगी आईला एकटीला आवरत नाही.” दसऱ्याच्या आदल्या दिवशी बापलेक भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसले. अण्णा वाटभर बोलत होते; नव्या मोटारीबद्दल, नारळाच्या भावाबद्दल, अलिबागच्या नव्या मामलेदाराबद्दल. तिनं हुं हुं केलं. त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्यांकडं बघत असताना तिला त्यांची दया येत होती, आणि दया येते म्हणून चीड येत होती. या माणसानं तिला खांद्यावर बसवून समुद्र दाखवला होता. तोच हा माणूस आणि तोच हा खांदा, या गोष्टीला ती कुठूनही फोडू शकत नव्हती.

जनी तिला बंदरावर सापडली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून ती कावळे हाकलत फिरत होती. केस पार पांढरे, पाठ सरळ.

“रंगूताय न्हवं? केवढी झालीस गं. बस, पर कशावर बसशील, सगल्याला वास हाय.”

सरोजिनी वाळूतच बसली. काय बोलायचं ते तिनं बोटीत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. “जने, उद्या नाही परवा बोली आहे. माझ्याबरोबर देवळात ये. मी पंचांना सांगणार आहे, त्या दिवशीचे आकडे.”

“कशाला? येसाजी गेला. मला आता मासलीचा वास गोड लागतो.” तिनं एक कावळा हाकलला. “सून हाय माझी. सोलायचा हात लई चांगला. मुकादम ईचारतो, कोनाची? जनीची सून म्हटलं की नको म्हनतो. तिनं काय केलंय त्याचं? तिचं तर तवा लगीन पन न्हवतं.”

“म्हणून तरी ये.”

“आता बाया खडे पन घेत न्हाईत,” जनी म्हणाली. “ठाव हाय तुला? मनुबाई म्हनाली, आकडा सांगायचा आन् माल कमी भरला तर चोर कोन? त्यापरास गप बसलेलं बरं. अकरा वरसं झाली, जो वाडी घेतो तो बुडतो. एकानं तर गाव सोडलं. कोनाला कायबी दिसत न्हाय.” तिनं खाली पडलेला एक बोंबील उचलून रांगेत टाकला. “येते. पर मला बोलायला लावशील तर माझ्या मनाचं बोलेन.”

देवळाच्या मंडपात बायका उभ्या राहत नसत. ओटी भरून झाल्यावर सरोजिनी गाभाऱ्याच्या दाराशी थांबली आणि पुढं गेली नाही, मागंही गेली नाही. पंच बसले होते. मधे अण्णा, शेजारी धर्माजी, आता म्हातारा झालेला. जनी पायऱ्यांच्या खाली, उन्हात. फेरी होऊन गेली होती, बोली सुरू व्हायची होती. सरोजिनीनं बोलायला तोंड उघडलं आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला; फार बारीक, पण थरथरत नव्हता. सव्वीस साली बायकांचा मधला आकडा एकतीस होता, तो मी लिहून घेतला होता, आणि माल एकतीस भरला. चोरी झालीच नव्हती. वाडी झाडून गळ फेकली गेली, म्हणून जाणत्यांना चाळीस दिसले. जनीचं नाव वहीतून काढा. एवढंच ती बोलली. अण्णांकडं तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर अर्ध्यात थांबली असती.

“महादेवराव, लेक काय म्हणते?” धर्माजी म्हणाला. अण्णांनी उपरणं सावरलं. मग धर्माजीनं पायऱ्यांकडं मान वळवली. “काय गं जने, तू किती खडे घेतले होतेस त्या वर्षी? आठवतं का?”

“चौतीस.”

पंचांत कुजबुज झाली. धर्माजी पाठ टेकून बसला. “ऐकलंत? हिच्याच तोंडानं चौतीस. भरले एकतीस. म्हणजे हिच्या हिशेबानंही तीन मण गेलेच की.”

हे सरोजिनीच्या ध्यानातच आलं नव्हतं. जनीचा आकडा मधला नव्हता, जनीही चुकली होती, आणि आता सगळं बोलणं उलटणार होतं.

“व्हय,” जनी म्हणाली. “तीन मन मला पन जास्त दिसले. मनुबाईला एकोनीस मन जास्त दिसले. मंग काय करायला पायजे व्हतं? मी अंबाजीच्या सुनेला चोर म्हनायचं, मनुबाईनं मला म्हनायचं?” मंडपात कोणीतरी हसू दाबलं. जनी हसत नव्हती. “काटा लागला तवा मला कललं, माझा डोला चुकला. तिथंच मी बायांना बोलले, यंदा माझं चुकलं गं. त्यात काय हाय? सगल्याच चुकतात. अण्णानू, तुमचा तुमाला कवा कलला?”

वाडीत पाट सोडला होता, त्या पाण्याचा आवाज मंडपापर्यंत येत होता. सरोजिनीनं आता अण्णांकडं पाहिलं. ते वहीकडं बघत होते. त्यांनी कारकुनाला बोटानं खूण केली आणि म्हणाले, “नाव खोडा. हिचं आणि हिच्या घरचं.” कारकुनानं टाक उचलला.

“नाव खोडून काय करू?” जनी म्हणाली. “नाव खोडलं तर लोक म्हनतील, म्हातारीला माफ केलं. मला माफी नको. आकडा बोला.”

अण्णांचे ओठ हलले. ओटीवर पाटी वाचताना हलले होते तसेच, आवाज न करता. धर्माजीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो त्यांनी बाजूला केला. मग ते म्हणाले, “एकतीसच होते.”

“मोठ्यानं,” जनी म्हणाली. “मागं बाया हायत, त्यांना आयकू न्हाय गेलं.”

तेव्हा सरोजिनीला दिसलं की पायऱ्यांच्या खाली जनी एकटी नव्हती. दीपमाळेपासून वाडीच्या कुंपणापर्यंत बायका येऊन उभ्या होत्या, हातांत खराटे, फावडी, डोक्यावर पाट्या. काम टाकून कधी आल्या ते कळलं नव्हतं.

अण्णा उभे राहिले. “झाडांवर एकतीसच मण होते,” ते म्हणाले. “माझी नजर चुकली होती.”